पन्नास सेकंदांची पिछाडी, दहा फेऱ्या आणि ४६ वर्षांचा ड्रायव्हर: फँजिओने नुर्बुर्गरिंगवर नेमकं काय केलं होतं?

तारीख ४ ऑगस्ट १९५७. जर्मनीतल्या आयफेल डोंगरातलं नुर्बुर्गरिंग सर्किट. २२ फेऱ्यांची शर्यत, त्यातल्या १२ झालेल्या. तोवर सगळ्यांच्या पुढे असलेली लाल मासेराती टायर बदलायला आणि इंधन भरायला पिटमध्ये आली.

काम झटपट उरकायचं होतं. पण चाकाचा नट घरंगळत गाडीखाली गेला आणि मेकॅनिक तो शोधत बसले. पन्नास सेकंदांहून जास्त वेळ तिथेच गेला. पिटमध्ये येताना मासेराती अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुढे होती. बाहेर पडली तेव्हा जवळपास पन्नास सेकंद मागे होती. पुढे दोन फेरारी होत्या. एकीत २८ वर्षांचा माइक हॉथॉर्न, दुसरीत २५ वर्षांचा पीटर कॉलिन्स. दोघेही ब्रिटिश, दोघेही जिगरी दोस्त.

मासेरातीत बसला होता ४६ वर्षांचा हुआन मॅन्युएल फँजिओ.

आता जरा हिशोब करू. दहा फेऱ्यांत पन्नास सेकंद भरून काढायचे, म्हणजे फेरीमागे पाच सेकंद. ऐकायला फार वाटत नाही. पण हे सर्किट आजच्या फॉर्म्युला वनसारखं पाच किलोमीटरचं नव्हतं. एक फेरी २२.८ किलोमीटरची, त्यात १७० च्या वर वळणं. पाच सेकंद या वळणांवर वाटले तर प्रत्येक वळणात सेकंदाचे साधारण तीन शतांश वाचवायचे. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आणि हे एकदा करून भागणार नव्हतं. सतराशे वेळा करायचं होतं, तेही एकदाही न चुकता.

त्याने ते केलं. कसं केलं हे समजून घ्यायचं तर आधी हा गडी कुठून आला ते बघावं लागतं. कारण त्या दिवशी त्याने जे केलं ते त्याच्या आयुष्यभराच्या सवयीच्या अगदी उलट होतं.

बाल्कार्सेचा फेंगडा

फँजिओचा जन्म २४ जून १९११ चा. गाव बाल्कार्से, देश अर्जेंटिना. ब्यूनस आयर्सच्या दक्षिणेला असलेला हा बटाट्याच्या शेतीचा भाग. आईवडील दोघेही इटलीतून आलेल्या कुटुंबांतले. वडील गवंडीकाम आणि रंगकाम करायचे. सहा भावंडांत हुआनचा नंबर चौथा. शाळा लवकरच सुटली आणि पोरगा गॅरेजमध्ये हाताखाली लागला. फुटबॉल मात्र झकास खेळायचा. बाकदार पायांमुळे मित्रांनी नाव पाडलं एल चुएको, म्हणजे आपल्या भाषेत फेंगडा. जगज्जेता झाल्यावरही हे नाव त्याला चिकटूनच राहिलं.

सैन्यातली सक्तीची नोकरी करून आल्यावर त्याने मित्रांच्या मदतीने गावात स्वतःचं गॅरेज टाकलं. १९३६ मध्ये पहिली शर्यत धावला ती एका फोर्ड टॅक्सीतून. टॅक्सीची बॉडी काढली आणि मैदानात उतरवली. घरी कळू नये म्हणून नावही खोटं लावलं. इंजिनाने दगा दिला आणि गोष्ट तिथेच संपली. पण पुढे बाल्कार्सेच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला शेव्हरोलेट गाडी घेऊन दिली. गणपतीला काढतात तशी, घरटी. तेव्हापासून फँजिओच्या प्रत्येक शर्यतीत गावाचा वाटा होता.

त्या काळातल्या अर्जेंटिनातल्या शर्यती म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. सर्किट वगैरे नाही. या शहरातून त्या शहरात, मातीच्या, खडीच्या, चिखलाच्या रस्त्यांवरून दिवसच्या दिवस गाडी पळवायची. १९४० ची ब्यूनस आयर्स ते लिमा आणि परत ही शर्यत तब्बल साडेनऊ हजार किलोमीटरची होती. अँडीज पर्वत ओलांडून जायचं, तोही दोनदा. गाडी बिघडली तर ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार यांनीच दुरुस्त करायची. फँजिओने ती जिंकली. त्या वर्षीचं आणि पुढच्या वर्षीचं राष्ट्रीय विजेतेपदही त्याचंच.

या शर्यतींनी त्याला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, गाडी घसरली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. खडीवर गाडी सतत घसरतच असते, आणि त्या घसरण्यावर पकड ठेवायची असते. दुसरी, गाडी जपली नाही तर कितीही वेगात असलात तरी रस्त्यातच बसाल. दुरुस्ती आपल्यालाच करायची असली की माणूस क्लच आणि ब्रेक जपून वापरतो.

तिसरा धडा फार महागात पडला. दुसऱ्या महायुद्धामुळे काही वर्षं शर्यती बंद होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्यावर १९४८ मध्ये ब्यूनस आयर्स ते कराकास अशी शर्यत झाली. पेरूमध्ये अंधारात वळणाचा अंदाज चुकला आणि गाडी दरीत गेली. सोबतचा डॅनियल उरुटिया बाहेर फेकला गेला आणि दगावला. तो फँजिओच्याच गावचा, त्याचा मित्र. फँजिओने शर्यती सोडायचं जवळपास ठरवलं होतं.

चाळिशीत सुरू झालेली कारकीर्द

आज फॉर्म्युला वनमध्ये विशीत जगज्जेते होतात. फँजिओ १९४९ मध्ये युरोपात पूर्ण हंगाम खेळायला गेला तेव्हा ३८ ला टेकला होता. पाठीशी अर्जेंटिनाचा ऑटोमोबाइल क्लब आणि पेरॉन सरकार होतं. सान रेमो, पो, मार्सेय असं करत त्याने एकामागून एक शर्यती जिंकल्या आणि युरोपला या फेंगड्याची दखल घ्यावी लागली.

१९५० मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं. पहिल्या वर्षी अल्फा रोमिओ संघातल्याच निनो फारिनाने त्याला तीन गुणांनी मागे टाकलं. पण त्याच वर्षी मोनॅकोत असं काही घडलं की लोक ते आजही सांगतात.

पहिल्याच फेरीत बंदराजवळच्या वळणावर समुद्राची लाट रस्त्यावर आली होती. गाड्या घसरून एकमेकींवर आदळल्या आणि रस्ता जवळपास बंद झाला. फँजिओ तोवर पुढे निघून गेला होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या फेरीत तो त्या वळणाकडे आला. समोरचं दिसत नव्हतं. पण त्याच्या लक्षात आलं की प्रेक्षक त्याच्याकडे बघतच नाहीयेत. शर्यतीत सगळ्यात पुढे असलेल्या गाडीकडे लोक बघत नसतील, तर पुढे काहीतरी घडलंय. त्यात त्याने १९३६ च्या मोनॅको शर्यतीतल्या अशाच अपघाताचा फोटो पाहिला होता, तोही आठवला. त्याने ब्रेक मारला, गाड्यांच्या ढिगाऱ्यातून वाट काढली आणि शर्यत जिंकली.

बघायला गेलं तर यात ड्रायव्हिंग फारसं नाही. आहे ते लक्ष. ताशी दीडशे-दोनशेच्या वेगात माणसाला गर्दीचे चेहरे वाचता येत असतील, तर गाडी चालवायला त्याचं सगळं डोकं खर्ची पडत नव्हतं, काही शिल्लक राहत होतं. फँजिओची खरी ताकद ही शिल्लक होती. गाडी नेमकी किती ताणली जातेय हे त्याला ठाऊक असायचं, आणि तो ती सहसा शेवटपर्यंत ताणायचाच नाही. जिंकायला जेवढा वेग लागतो तेवढाच काढायचा, उगाच एक सेकंदही जास्त नाही, असा त्याचा खाक्या होता.

ही शिल्लक नसेल तर काय होतं ते १९५२ मध्ये कळलं. जूनमधल्या एका शनिवारी तो उत्तर आयर्लंडमध्ये शर्यत धावला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी इटलीत मोन्झाला धावायचं होतं. विमानाचं गणित फसलं. मग पठ्ठ्या पॅरिसहून रात्रभर गाडी हाकत आल्प्स ओलांडून मोन्झाला पोहोचला, तेव्हा शर्यत सुरू व्हायला अर्धा तास उरला होता. झोप नाही, सराव नाही, सगळ्यात मागून सुरुवात. दुसऱ्याच फेरीत गाडी हाताबाहेर गेली, तो बाहेर फेकला गेला आणि मानेचं हाड मोडलं. तेव्हा सीट बेल्ट नव्हते. त्या वर्षी तो पुन्हा धावू शकला नाही आणि मान कायमची आखडली. इतर कुणाची चूक नव्हती, दमलेल्या माणसाने गाडीत बसायलाच नको होतं, हे त्याने पुढे स्वतःच मान्य केलं.

बाकी विजेतेपदांची यादी पटकन सांगून टाकू. १९५१ अल्फा रोमिओ. १९५४ मासेराती आणि मर्सिडीज. १९५५ मर्सिडीज. १९५६ फेरारी. १९५७ मासेराती. पाच विजेतेपदं, चार कंपन्या. पाच विजेतेपदांचा विक्रम मोडायला २००३ साल आणि मायकल शूमाकर यावा लागला.

यातली १९५६ ची गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे लागेल. त्या वर्षीची शेवटची शर्यत मोन्झाला होती. फँजिओच्या फेरारीचं स्टिअरिंग बिघडलं. संघातला पीटर कॉलिन्स तेव्हा २४ वर्षांचा होता आणि विजेतेपद त्याच्याही आवाक्यात होतं. तो पिटमध्ये आला, गाडीतून उतरला आणि आपली चालती गाडी फँजिओला देऊन टाकली. नियमात ते बसत होतं. फँजिओ चौथ्यांदा जगज्जेता झाला. एवढं मोठं मन आजच्या खेळात शोधूनही सापडणार नाही.

वेगवान फेरी म्हणजे नक्की काय?

आता तंत्राकडे येऊ. सर्किटवरची वेगवान फेरी म्हणजे सरळ रस्त्यावर दणकून अ‍ॅक्सिलरेटर दाबणं, असा अनेकांचा समज असतो. सरळ रस्त्यावर सगळेच पाय पूर्ण दाबतात. फरक पडतो तो वळणात, आणि खरं सांगायचं तर वळण संपताना.

वळणात गाडी किती वेगाने जाईल हे वळण किती मोठं आहे त्यावर ठरतं. म्हणून ड्रायव्हर रस्त्याची पूर्ण रुंदी वापरतो. बाहेरच्या कडेने येतो, वळणाच्या मध्यावर आतल्या कडेला घासतो आणि निघताना पुन्हा बाहेरच्या कडेला जातो. तीव्र वळण असं थोडं सरळ होतं. यालाच रेसिंग लाइन म्हणतात. पण एकाच वळणाचा विचार करून चालत नाही. ज्या वळणानंतर लांब सरळ रस्ता आहे तिथे आत शिरताना थोडा वेग सोडला तरी चालतो, बाहेर पडताना मात्र सोडायचा नाही. कारण तिथे मिळालेला ताशी तीन-चार किलोमीटरचा फायदा पुढच्या संपूर्ण सरळ रस्त्यावर तुमच्यासोबत राहतो. लागोपाठ तीन वळणं असतील तर पहिली दोन शेवटच्यासाठी थोडी बिघडवावी लागतात. कुठे सोडायचं आणि कुठे घ्यायचं, हे ज्याला कळतं तो वेगवान.

फँजिओच्या काळात यात आणखी एक भानगड होती. टायर अरुंद होते, आजच्या मानाने निसरडेच. मोठ्या वेगात ते रुळावरून चालल्यासारखे वळत नसत. मग चांगले ड्रायव्हर वळणात गाडी मुद्दाम थोडी घसरवायचे, तीही फक्त मागून नाही तर चारही चाकांवर एकदम. गाडी तिरकी होऊन रस्त्यावरून वाहत जायची. स्टिअरिंग जवळजवळ सरळ असायचं आणि दिशा ठरवायचा उजवा पाय. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला की गाडी बाहेर सरकायची, थोडा सोडला की आत यायची. याला चार चाकांची ड्रिफ्ट म्हणतात. सोशल मीडियावर धूर काढत गोल फिरणाऱ्या गाड्यांचे जे व्हिडिओ दिसतात ते यातलं नव्हे. त्यात वेळ वाया जातो. फँजिओची ड्रिफ्ट बाहेरून बघणाऱ्याला कित्येकदा कळायचीही नाही.

अर्जेंटिनातल्या खडीच्या रस्त्यांवर घसरणं ज्याचा रोजचा मामला होता, त्याला युरोपातल्या डांबरावर हे सोपं गेलं तर नवल नाही. १९५५ मध्ये मर्सिडीज संघात स्टर्लिंग मॉस नावाचा तरुण त्याच्या मागोमाग, अगदी शेपटीला लागून शर्यती धावायचा. दुसरा नंबर यायचा, पण फुकटात शिकवणी मिळायची. उस्तादाच्या मागे बसून तबला शिकावा तसं. पुढे मॉस स्वतः मोठा ड्रायव्हर झाला आणि आयुष्यभर फँजिओला सगळ्यांत श्रेष्ठ मानत राहिला.

त्या दहा फेऱ्या

परत नुर्बुर्गरिंगला जाऊ.

त्या दिवशीची मासेरातीची योजना अशी होती: निम्मंच इंधन भरून निघायचं म्हणजे गाडी हलकी राहील. मऊ टायर लावायचे म्हणजे पकड जास्त मिळेल. आघाडी घ्यायची, मध्ये एकदा थांबायचं आणि तरीही पुढेच बाहेर पडायचं. फेरारीने पूर्ण टाकी आणि कडक टायरवर न थांबता पूर्ण शर्यत धावायचं ठरवलं होतं. मासेरातीची योजना चोख होती, फक्त त्यात चाकाचा नट हरवणं धरलेलं नव्हतं.

पिटमधून निघाल्यावर पहिल्या दोनेक फेऱ्या फँजिओ काही फार जोरात गेला नाही. नवे टायर बसायला वेळ लागतो. आपण हरलोय असं फेरारीला भासवायचं हे मासेरातीच्या पिटमध्ये आधीच ठरलं होतं, असंही सांगतात. ते खरं असो वा नसो, परिणाम तसाच झाला. फेरारीच्या पिटमधून दोन्ही पोरांना आरामात चालवा अशी खूण गेली.

इथे एक गोष्ट समजून घ्या. तेव्हा आजच्यासारखं कानात बोलणारा इंजिनिअर नव्हता. पिटच्या भिंतीवरून पाटी दाखवायची, तीही ड्रायव्हर समोरून जाईल तेव्हाच. नुर्बुर्गरिंगवर एक फेरी नऊ मिनिटांहून जास्त वेळाची. म्हणजे ड्रायव्हरला मिळणारी बातमी कायम शिळी. फँजिओ जवळ येतोय हे फेरारीच्या लोकांना घड्याळावर दिसलं, तरी हॉथॉर्न आणि कॉलिन्सला ते कळायला अख्खी फेरी जायची. आणि त्या फेरीत फँजिओ आणखी जवळ आलेला असायचा.

तो काय करत होता? जिथे नेहमी दुसऱ्या गिअरमध्ये वळण घ्यायचा तिथे तिसऱ्यात घेऊ लागला, तिसऱ्याच्या जागी चौथ्यात. म्हणजे एकेक गिअर वर.

घाटात गाडी चालवणाऱ्या कुणालाही हे ऐकून धस्स होईल. आपल्याला पहिला धडा मिळतो तो हाच की उतार आणि वळण असेल तर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं. पाय उचलला की गाडी लगेच मंदावते, दाबला की लगेच ओढते. चूक सुधारायला जागा राहते. वरच्या गिअरमध्ये यातलं काहीच मिळत नाही. पाय उचलला तरी गाडी सैलच धावत राहते. आणि इंजिनाचे फेरे कमी झाले तर वळणातून बाहेर पडताना ते ओढतही नाही. म्हणून वरचा गिअर फायद्याचा ठरवायचा तर एकच मार्ग उरतो: वळणात इतक्या वेगाने शिरायचं की फेरे पडायलाच नकोत. म्हणजे ब्रेक उशिरा, तोही कमी, आणि मग घसरणारी गाडी नुसत्या पायाच्या जोरावर सांभाळायची. गिअर बदलण्यातला वेळ वाचतो, वेग टिकतो. सुरक्षिततेचा हिशोब मात्र शून्यावर येतो.

रस्ता जिथे उंचवट्यावरून जातो आणि गाडी चाकांसकट हवेत उडते, अशाही जागा या सर्किटवर आहेत. तिथे सगळे थोडा पाय उचलतात. फँजिओने तोही उचलला नाही.

आकडे बघा. आदल्या वर्षीचा या सर्किटवरचा विक्रम फँजिओच्याच नावावर होता, ९ मिनिटं ४१.६ सेकंद. १९५७ च्या सरावात त्याने पहिला नंबर पटकावला तो ९ मिनिटं २५.६ सेकंदांत. सराव म्हणजे गाडी हलकी, डोकं ताजं, एकच फेरी ताणायची. शर्यतीच्या विसाव्या फेरीत, चारशेहून जास्त किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर, त्याने वेळ दिली ९ मिनिटं १७.४ सेकंद. सरासरी वेग ताशी १४७ किलोमीटर, तेही डोंगरातल्या रस्त्यावर, ड्रम ब्रेक आणि अरुंद टायरवर. ज्याने सरावात सगळ्यांना मागे टाकलं होतं, त्याने स्वतःच्याच वेळेतून आठ सेकंद काढले होते. शेवटच्या टप्प्यात तो फेरीमागून फेरी विक्रम मोडत होता, आणि मोडलेला प्रत्येक विक्रम त्याचाच होता.

त्या विसाव्या फेरीत दहा सेकंदांहून जास्त अंतर कापलं गेलं. एकविसावी सुरू झाली तेव्हा दोन्ही फेरारी त्याला समोर दिसत होत्या.

कॉलिन्सला त्याने पिटनंतरच्या वळणांत गाठलं. पोराने उलटा वार केला आणि पुन्हा पुढे गेला, पण फार काळ टिकला नाही. मासेरातीच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने कॉलिन्सच्या गॉगलची काच फुटली. मग हॉथॉर्न. एका डाव्या वळणात हॉथॉर्नने आतल्या बाजूला थोडी जागा सोडली होती, एक गाडी जेमतेम मावेल एवढी. खरं तर तेवढीही नाही, कारण फँजिओची डावी चाकं गवतात गेली. हॉथॉर्नने दचकून गाडी बाहेर घेतली आणि मासेराती पुढे निघून गेली.

हे सगळं चाललं असताना मासेरातीची सीट सुटली होती. शेवटी शेवटी फँजिओ गुडघे गाडीच्या अंगाला दाबून स्वतःला धरून ठेवत चालवत होता.

५०० किलोमीटरच्या शर्यतीत हॉथॉर्न त्याच्या फक्त ३.६ सेकंद मागे आला. तिसरा कॉलिन्स. हरलेले दोघे असे खूष होते की बघणाऱ्याला वाटावं तेच जिंकलेत. फँजिओ पाचव्यांदा जगज्जेता झाला होता आणि हंगामातल्या दोन शर्यती अजून बाकी होत्या.

झोप उडाली

साधारणपणे अशी गोष्ट इथे संपवतात. पण फँजिओसाठी ती इथे संपली नव्हती.

शर्यतीनंतर दोन रात्री त्याला धड झोप लागली नाही. डोळे मिटले की ती वळणं दिसायची, ज्या वेगात घेतली तो वेग आठवायचा. आपण असं आधी कधी चालवलं नव्हतं आणि यापुढे कधीही चालवणार नाही, असं तो नंतर वर्षानुवर्षं सांगत राहिला. बाकीच्या जगासाठी ती इतिहासातली सर्वोत्तम ड्राइव्ह होती. आयुष्यभर शिल्लक राखून जगलेल्या या माणसाला मात्र आपण त्या दिवशी सगळी शिल्लक उडवली हे ठाऊक होतं. मित्राला दरीत गमावलेल्या, स्वतःची मान मोडून घेतलेल्या माणसाची ही भीती होती, आणि ती अगदी रास्त होती. १९५५ च्या ल मांस शर्यतीत ८० हून जास्त प्रेक्षक मेले तेव्हाही तो तिथेच होता. पुढच्या मर्सिडीजमधल्या पियर लवेगने आदळण्याआधी हात वर करून मागच्या फँजिओला सावध केलं, असं मानलं जातं. अपघातग्रस्त गाड्यांच्या मधून तो खरचटल्याशिवाय निसटला होता.

नुर्बुर्गरिंगचा विजय हा जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीतला त्याचा २४ वा आणि शेवटचा विजय ठरला. तो एकूण ५१ शर्यती धावला. म्हणजे जवळपास दर दुसरी शर्यत जिंकली, आणि या सरासरीच्या जवळ आजवर कुणी नीट पोहोचलेलं नाही.

१९५८ च्या फेब्रुवारीत क्युबाला शर्यतीसाठी गेला असताना फिडेल कॅस्ट्रोच्या बंडखोरांनी त्याला हवानातल्या हॉटेलातून पळवून नेलं. बातिस्ता सरकारची जगभर फजिती करायची हा हेतू. त्यांनी त्याला नीट ठेवलं, जेवू घातलं आणि शर्यत संपल्यावर अर्जेंटिनाच्या दूतावासाच्या हवाली केलं. त्याच शर्यतीत एक गाडी गर्दीत घुसून माणसं मेली. अपहरणामुळे तो यात नव्हता.

जुलैमध्ये फ्रान्समधल्या रँसला तो पुन्हा गाडीत बसला. त्याच शर्यतीत इटलीचा लुइजी मुसो अपघातात गेला. हॉथॉर्न जिंकत होता. शेवटी फँजिओची मासेराती त्याच्या समोर आली, म्हणजे आता उस्तादाला एक फेरीने मागे टाकायची वेळ. हॉथॉर्नने वेग कमी केला आणि मागेच राहिला. फँजिओ चौथा आला, पिटमध्ये गाडी लावली, उतरला आणि निवृत्त झाला.

महिनाही झाला नव्हता. ३ ऑगस्ट १९५८, नुर्बुर्गरिंग, पुन्हा जर्मन ग्रां प्री. पुढच्या गाडीला गाठण्याच्या नादात कॉलिन्सची फेरारी फ्लांट्झगार्टन नावाच्या भागात वळणाबाहेर गेली. तो बाहेर फेकला गेला आणि त्याच दिवशी मरण पावला. वय २६. मागून येणाऱ्या हॉथॉर्नने ते डोळ्यांनी पाहिलं. त्या वर्षी हॉथॉर्न जगज्जेता झाला, लगेच शर्यती सोडल्या आणि जानेवारी १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या साध्या हमरस्त्यावर अपघातात गेला. वय २९.

१९५७ च्या त्या दुपारी हसत उभ्या असलेल्या तिघांपैकी सर्वांत वयस्कर होता तोच उरला. फँजिओने पुढे अर्जेंटिनात मर्सिडीजचा व्यवसाय सांभाळला, जुन्या गाड्यांच्या कार्यक्रमांना जात राहिला, मोन्झाच्या अपघातानंतर आखडलेली मान सांभाळत अख्खं अंग वळवून लोकांकडे बघत राहिला. १९८६ मध्ये बाल्कार्सेत त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं. १७ जुलै १९९५ ला ब्यूनस आयर्समध्ये तो गेला, वयाच्या ८४ व्या वर्षी. त्याला पुरायला बाल्कार्सेलाच आणलं, ज्या गावाने कधीकाळी वर्गणी काढून त्याला गाडी घेऊन दिली होती.